फेसाची मर्यादा

चुलीवर दूध ठेवून दुसऱ्या कामाला लागलेल्या गृहिणीचा एक कान सदैव स्वयंपाकघराकडे असतो. दूध तापतें, वर साय धरते, सायीखालीं वाफ कोंडते, आणि पाठ वळली न वळली तों सारें दूध भांड्याच्या कांठावरून शेगडीवर येतें. व्रतांच्या जुन्या कहाण्यांतून 'उतणें' आणि 'मातणें' हे दोन शब्द जोडीनें येतात, हें उगीच नव्हे. ऊत हा पदार्थाचा दोष नसून मर्यादेचा भंग आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चुलीपाशींच उमगली होती.

उताचा असाच एक प्रश्न अलीकडच्या काळांत शहरांतील कांहीं घरांच्या दिवाणखान्यांत येऊन बसला आहे. खाऱ्या पाण्यांतील मासे व प्रवाळ घरीं पाळण्याचा छंद समुद्रकांठापुरता न राहतां घाट चढून वर आला आहे. पवनेच्या कांठीं वसलेलें थेरगांव समुद्रापासून सह्याद्रीच्या भिंतीनें तुटलेलें. तरी तेथील एखाद्या सदनिकेंतहि आज समुद्राचा चार हातांचा तुकडा कांचपेटींत मांडतां येतो. अशा पेटीखालच्या कपाटांत एक उभें नळकांडें गुरगुरत असतें. त्याला 'प्रोटीन स्किमर' म्हणतात. पाण्यांत अतिशय बारीक बुडबुडे सोडून फेस करावयाचा, तो फेस वरच्या पेल्यांत गोळा करावयाचा, आणि त्याबरोबर माशांच्या विष्ठेंतील व उरल्यासुरल्या अन्नांतील घाण पाण्याबाहेर काढावयाची, एवढेंच त्याचें काम. परंतु एखाद्या सकाळीं तोच पेला भरून वाहूं लागतो, आणि कपाटांत खारट, उग्र वासाच्या पाण्याचें थारोळें सांचतें. फरशी पुसून घेतां येते. माशांचे प्राण मात्र तितक्या सहज परत मिळत नाहींत.

हा ऊत कां येतो व तो कसा टाळावा, हें नीट कळण्यासाठीं फेसाचा थोडा इतिहास पाहणें अगत्याचें आहे. मनुष्यानें फेसाशीं निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या तऱ्हेनें व्यवहार केला आहे. त्यांपैकीं दोन ठिकाणीं जो उपाय हमखास लागू पडला, तोच या तिसऱ्या ठिकाणीं घातक ठरतो. सारी मेख तेथेंच आहे.

पहिलें ठिकाण आपल्या चांगल्या परिचयाचें आहे. तें म्हणजे गुऱ्हाळ. कोल्हापुराकडे थंडीच्या दिवसांत उसाचा रस काहिलींत उकळूं लागला म्हणजे त्यांतील प्रथिनें, मेण, मातीचे कण वगैरे अशुद्ध द्रव्यें फेसाबरोबर वर येतात. रसांत थोडा चुना व भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत रस घातला कीं ही मळी एकत्र होऊन तरंगूं लागते आणि ती झाऱ्यानें काढून टाकतां येते. पुढें रस घट्ट होत आला कीं फेस काहिलीच्या कांठापर्यंत चढतो. अशा वेळीं गुळव्या थोडें एरंडेल किंवा भुईमुगाचें तेल काहिलींत सोडतो, आणि चढलेला फेस पाहतां पाहतां खालीं बसतो. म्हणजे पृष्ठभागावरून घाण उचलण्याची आणि तेलाच्या थेंबानें ऊत मोडण्याची, अशा दोन्ही विद्या आपल्या खेड्यांत फार पूर्वींपासून चालत आलेल्या आहेत.

असें कां होतें, याचा शास्त्रीय उलगडा होण्यास मात्र एकोणिसावें शतक उजाडावें लागलें; आणि नवल असें कीं त्यांतील एक महत्त्वाचा धागा पुन्हां स्वयंपाकघरांतच सांपडला. जर्मनींतील ब्राउनश्वाइग शहरांत आग्नेस पॉकेल्स नांवाची एक स्त्री आईवडिलांची शुश्रूषा करून घर चालवीत असे. विश्वविद्यालयाचें दार तिला उघडें नव्हतें. परंतु पाण्याच्या पृष्ठभागावर तेलाचा वा साबणाचा अंश पडला असतां त्या पृष्ठभागाचा ताण कसा बदलतो, हें तिनें घरगुती साधनांनीं, एका लांबट भांड्यांत पट्टी सरकवून मोजलें. तिनें आपले प्रयोग पत्रानें लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञास कळविले, आणि त्या थोर मनुष्यानें तें पत्र १८९१ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध करविलें. पृष्ठभागाच्या शास्त्रांत त्या पत्राचें स्थान आजहि मानाचें आहे.

त्या शास्त्राचें सार थोडक्यांत असें. प्रथिनांच्या कणाचा कांहीं भाग पाण्याला धरून राहतो, तर कांहीं भाग पाण्यापासून दूर पळूं पाहतो. पाणी व हवा यांच्या सीमेवर दोन्ही भागांची सोय होते. म्हणून असे कण तेथें गर्दी करतात. बुडबुडा म्हणजे तरी काय? हवेभोंवतीं पसरलेली पाण्याची सीमाच. तो वर चढतांना वाटेंतील प्रथिनांना अंगाला चिकटवून घेतो, आणि प्रथिनांच्या त्या वेष्टनानेंच बळकट होऊन न फुटतां फेसाच्या रूपानें टिकतो. घाण जितकी अधिक, तितका फेस चिवट. खाऱ्या पाण्यांत आणखी एक गुण आहे : क्षारांमुळें लहान बुडबुडे एकमेकांत सहसा मिसळत नाहींत व बारीकच राहतात. गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटींत हें यंत्र फारसें चालत नाहीं, त्याचें कारण हेंच. याउलट तेलाचा थेंब बुडबुड्याच्या पडद्यावर पसरून त्याला दुबळा करतो. पडदा फाटतो आणि फेस मोडतो.

दुसरें ठिकाण थेरगांवच्या अगदीं शेजारचें आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ सालीं पेनिसिलीनचा शोध लागला. परंतु तें औषध मुबलक प्रमाणांत निघूं लागलें तें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, अमेरिकेंतील खोल टांक्यांतून. या टांक्यांत पोषक द्रव भरून त्यांत बुरशी वाढवितात, आणि तिला श्वासासाठीं खालून निर्जंतुक हवा सोडतात. पोषक द्रवांत प्रथिनें असतात. त्यांतून हवा गेली कीं फेस हा आलाच. तो टांकीच्या माथ्यापर्यंत चढून हवेच्या वाटेनें बाहेर पडला तर द्रव वायां जातो, गाळण्या भिजतात, आणि बाहेरील जंतूंना आंत शिरण्यास वाट मिळते. एका रात्रींत सबंध टांकी नासूं शकते. त्यावर उपाय म्हणून या धंद्यांत वनस्पतींचीं अथवा प्राणिज तेलें व तत्सम फेसनाशक द्रव्यें जपून घालूं लागले. स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९५४ सालीं पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही संस्था स्थापिली व १९५५ सालीं तेथें पेनिसिलीनचें उत्पादन सुरू झालें. आजच्या कारखानदारीच्या पट्ट्याचा तो एक आरंभबिंदु होय. गुळव्याचें एरंडेल आणि औषधाच्या टांकींतील फेसनाशक, यांचें तत्त्व एकच.

या दोन्ही ठिकाणीं मनुष्याला हवी असलेली वस्तु द्रवांत आहे. चढणारा फेस ही केवळ आपत्ति आहे. म्हणून तो मारला तरी बिघडत नाहीं. तिसऱ्या ठिकाणीं, म्हणजे समुद्राच्या कांचपेटींत, परिस्थिति नेमकी उलट आहे. तेथें फेस हाच झाडूवाला आहे. त्याला मारून घर स्वच्छ राहणार नाहीं.

हा झाडूवाला घरांत आला कसा, तेंहि पाहण्यासारखें आहे. समुद्राचे जीव घरीं पाळण्याची हौस प्रथम इंग्लंडांत बळावली. ॲना थिन या बाईंनीं १८४६ पासून लंडनमधील आपल्या घरीं प्रवाळ जगविले. पाणी हवेशीर राहावें म्हणून तें एका भांड्यांतून दुसऱ्यांत वारंवार ओतावें लागे, आणि तें काम घरांतील मोलकरणीच्या वांट्यास येई. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें वनस्पति व प्राणी एकत्र ठेवल्यास त्यांचा परस्परांवर निर्वाह होऊन समतोल राहतो असें दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथानें तेथील सुशिक्षित घराघरांत या छंदाची लाट आणली. लाट जशी आली तशी ओसरलीहि. कारण बंद पेटींतील पाणी थोड्याच दिवसांत गढूळ होई व जीव मरत.

आपल्याकडे मुंबईस चर्नी रोडजवळ समुद्राच्या अगदीं कांठावर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडण्यांत आलें, आणि त्यानें कित्येक पिढ्यांतील मुलांना समुद्राच्या पोटांतील सृष्टीचें प्रथम दर्शन घडविलें. अशा ठिकाणीं समुद्र हाकेच्या अंतरावर असतो. घाटावरच्या घराची गोष्ट वेगळी. तेथें नळाच्या पाण्यांत क्षारांचें तयार मिश्रण मोजून घालून, हजार भागांस सुमारें ३५ भाग क्षार या प्रमाणानें समुद्र 'बनवावा' लागतो. हें मिश्रण स्वस्त नाहीं; म्हणून केलेलें पाणी जितकें टिकेल तितकें टिकवावें लागतें. समुद्रापासून दूर असलेल्या जर्मन गृहस्थांपुढेंहि हीच अडचण होती. १९६० नंतरच्या काळांत तेथें फेसानें पाणी शुद्ध करणारीं घरगुती उपकरणें प्रचारांत आलीं. आरंभीचीं उपकरणें गरीब स्वभावाचीं होतीं : लाकडाच्या सच्छिद्र ठोकळ्यांतून लहानसा पंप हवा सोडी, आणि फेस मंदगतीनें चढे. पुढें पंपाच्या चक्राला सुयांसारखे दांते बसवून हवा व पाणी एकत्र घुसळण्याची युक्ति निघाली. त्यामुळें लहानशा नळकांड्यांत प्रचंड फेस होऊं लागला, आणि त्याबरोबरच उताचें भयहि वाढलें. जें यंत्र दोन दिवसांत पेला भरी, तें बिघडलें तर दोन घटकांत भरूं लागलें.

आतां या उताचीं कारणें पाहूं गेल्यास तीं मुख्यतः तीनच आढळतात.

पहिलें कारण पाण्याची पातळी. हें यंत्र बहुधा पेटीखालच्या दुय्यम टांकींत उभें असतें व ठराविक खोलीच्या पाण्यासाठीं बनविलेलें असतें. पाणी दोन बोटें चढलें तरी नळकांड्यांतील फेस पेल्यापर्यंत पोंचतो आणि फेसाऐवजीं पाणीच वाहूं लागतें. वीज गेली कीं वरच्या पेटींतील कांहीं पाणी उताराच्या नळानें खालच्या टांकींत उतरतें. वीज परत येतांच यंत्र त्या चढलेल्या पाण्यांत सुरू होतें, आणि नेमका तेव्हांच ऊत येतो. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यांत गुरुवारीं दुरुस्तीसाठीं वीज बंद ठेवण्याचा प्रघात जुना आहे; तेव्हां हा प्रसंग तेथें अपवादात्मक मानतां येत नाहीं. उपाय सोपा आहे. यंत्र ठेवण्याच्या कप्प्याला आडवी कांच लावून त्यांतील पातळी कायम राखावी. यंत्राखालीं योग्य उंचीची बैठक द्यावी. खालच्या टांकींत वरून उतरणारें सारें पाणी मावेल इतकी जागा नेहमीं रिकामी सोडावी. आणि वीज आल्यावर दहापंधरा मिनिटांनीं यंत्र आपोआप सुरू होईल अशी विलंबाची कळ बसवावी. तेवढ्या अवधींत पाणी पूर्ववत् वर जातें.

दुसरें कारण पाण्यांत पडलेलें परकें द्रव्य. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन घालविण्यासाठीं जीं औषधें मिळतात, त्यांपैकीं कांहींत माशांच्या अंगावरील बुळबुळीत आवरणाचें रक्षण करणारीं द्रव्येंहि मिसळलेलीं असतात. तीं पडतांच फेस अनावर होतो. रोगावरील कित्येक औषधें, प्रवाळ चिकटविण्याची लुकणासारखी लांबी, आणि हाताला राहिलेला साबण, यांचाहि परिणाम तोच. म्हणून पेटींत हात घालण्यापूर्वीं तो साध्या पाण्यानें पुनःपुन्हां धुवावा. यंत्र साबणानें कधींच धुऊं नये, व्हिनेगर घातलेल्या पाण्यानें धुऊन स्वच्छ पाण्यांतून काढावें. औषध घालावयाचें असेल तर पेला आधीं काढून ठेवावा किंवा यंत्र बंद करावें; मात्र हें यंत्र पाण्याला प्राणवायुहि पुरवितें, हें विसरूं नये. तें बंद असेपर्यंत हवेचा निराळा दगड पाण्यांत सोडलाच पाहिजे. नवें कोरें यंत्रहि पहिले कांहीं दिवस, क्वचित् पंधरवडाभर, लहरीपणानें वागतें. त्याच्या अंगचा कारखान्यांतील ओशटपणा जाऊन आंतून पातळ जीवथर बसेपर्यंत धीर धरावा व रोज कळ फिरवूं नये.

तिसरें कारण सर्वांत गंभीर. पाण्यांतील घाण खरोखरच अकस्मात् वाढली म्हणजेहि फेस उसळतो. एखादा मासा खडकाआड मरून कुजूं लागतो. पाहुण्यांच्या मुलांनीं कौतुकानें मूठभर जास्त अन्न टाकलेलें असतें. अशा वेळीं यंत्राला दोष देऊन त्याची हवा कमी करणें म्हणजे दारावर हांक मारणाऱ्या रामोशालाच गप्प बसविणें होय. ऊत दिसतांच प्रथम मासे मोजावे, पाण्याचा वास घ्यावा, कुजलेलें असेल तें काढावें, आणि मग यंत्राकडे वळावें.

या सर्वांहून घातक अशी एक सांखळी आहे. ती सुशिक्षित घरांतच अधिक संभवते, कारण तेथें सोयी अधिक. पेल्यांतील घाण आपोआप वाहून जावी म्हणून कित्येकजण पेल्याला नळी जोडून ती बाहेरच्या डब्यांत सोडतात. दुसऱ्या बाजूस, वाफेनें आटलेलें पाणी भरून काढण्यासाठीं गोड्या पाण्याचें स्वयंचलित उपकरणहि लावलेलें असतें. दोन्ही सोयी स्वतंत्रपणें निर्दोष आहेत. परंतु रात्रीं ऊत आला तर नळींतून खारें पाणी बाहेर जातें. तें कमी झालेलें पाहून भोळें उपकरण त्याजागीं गोडें पाणी भरतें. आणि पातळी पुन्हां पूर्ववत् झाल्यामुळें यंत्र आणखी खारें पाणी बाहेर टाकतें. दोनशें लिटर पाण्यांतील वीस लिटर जरी अशा रीतीनें बदललें, तरी क्षार हजारांत ३५ वरून साडेएकतिसांवर येतात. सकाळपर्यंत हा क्रम चालला तर प्रवाळ व नाजूक जीव मरणपंथास लागतात. आणि वरून पाहणाऱ्यास पेटी कांठोकांठ भरलेली, सुरळीतच दिसते! म्हणून बाहेरचा डबा लहान असावा, त्यांत तरंगती कळ बसवून डबा भरतांच यंत्राची वीज तुटेल अशी व्यवस्था असावी, आणि गोड्या पाण्याच्या हंड्यांत एका दिवसाच्या गरजेहून फार अधिक पाणी ठेवूं नये. नळी नसेल तर यंत्र खालच्या टांकींतच उभें करावें, म्हणजे उतलेलें पाणी फरशीवर न जातां टांकींतच परत पडतें. घाण पुन्हां मिसळते खरी, परंतु क्षार जागच्या जागीं राहतात.

ऊत आलाच तर करावयाच्या गोष्टींचा क्रमहि ठरलेला आहे. प्रथम यंत्र बंद करावें व पेला रिकामा करावा. क्षारमापकानें पाणी तपासावें. क्षार उतरले असल्यास ते हळूहळू, एकदोन दिवसांत चढवावे. पेल्याच्या मानेवर जमलेला चिकट थर दर आठवड्यास पुसून काढावा. यंत्र पुन्हां सुरू करतांना बाहेर जाण्याच्या पाण्याची कळ अधिक उघडी ठेवावी, म्हणजे आंतील पातळी खालीं राहून फेस कोरडा येतो. मग एका वेळीं थोडी थोडी आवळीत, एकेक दिवस वाट पाहत, हवी ती उंची गांठावी. आणि कोणत्याहि परिस्थितींत गुळव्याची युक्ति येथें चालवूं नये. तेलाचा थेंब फेस बसवील, हें खरें. पण तो पाण्यावर पसरून हवेची ये-जा अडवील, आणि झाडूवाला कित्येक दिवस अंथरुणास खिळेल.

हा सारा विचार घरांतील एका कपाटापुरता आहे असें मात्र समजूं नये. थेरगांवांतील घरच्या समुद्रासाठीं जें नळाचें पाणी लागतें, तें मूळचें पवनेचें. तें वरच्या अंगास रावेत येथें उचललें जातें. तेथून खालीं येणारी तीच पवना थेरगांवापाशीं केजुबाईच्या बंधाऱ्यावरून उडी घेते. २०२३ व २०२४ सालीं त्या बंधाऱ्यापाशीं नदीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगतांना लोकांनीं पाहिले. सांडपाण्यांतील साबण व सेंद्रिय घाण पाण्यांत असली, आणि पाणी उंचावरून पडून त्यांत हवा घुसळली गेली, कीं नदीहि नळकांड्याप्रमाणेंच वागते. फरक इतकाच कीं नदीला पेला नाहीं. तिचा फेस कोणी गोळा करीत नाहीं. तो वाऱ्यानें विरतो आणि त्यांतील घाण पुन्हां पाण्यांतच उतरते.

घरच्या पेटींत ऊत दिसतांच मासे मोजणाऱ्या गृहस्थास बंधाऱ्यावरच्या फेसाचा अर्थ कोणी निराळा सांगावयास नको. गुळव्यानें फेस मोडला तो रसासाठीं, औषध करणाऱ्यानें मोडला तो औषधासाठीं. परंतु जेथें जीव राहतात त्या पाण्यावरचा फेस मोडावयाचा नसतो. तो वाचावयाचा असतो, आणि त्याच्या मुळाशीं असलेली घाण शोधावयाची असते. पात्र लहान असो वा नदीएवढें असो, मर्यादा फेसानें सांभाळावयाची नसून ती पात्राच्या धन्यानें सांभाळावयाची असते.